निराधार शाखेतल्या मॅडम

मॅडम कुणालाही पहिल्याच भेटीत पगार विचारायच्या. नावगाव नंतर. "किती भेटते तुमाले?" चहात साखर किती विचारावी, इतक्या सहज. बुलढाण्याहून तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी विचारलं, बँकेच्या मॅनेजरला विचारलं, आणि ऑफिसात सत्यनारायण झाला तेव्हा गुरुजींना तर आरती चालू असताना विचारलं. माणसं गडबडायची. कुणी हसून विषय बदलायचं, कुणी "भागतं आपलं" म्हणायचं.

"भागते ते दिसूनच राह्यलं," मॅडम म्हणायच्या. "आकडा सांगा ना."

आणि समोरच्यानं सांगो न सांगो, त्या स्वतःचा आकडा सांगून मोकळ्या व्हायच्या. तोही हळू आवाजात नाही. बाहेर रांगेत बसलेल्या बायकांना ऐकू जाईल असा. "मले आठ हजार. त्यातले हातात सात. एक हजार काऊन कापते ते त्या एजन्सीवाल्याले विचारा, मी तं विचारून विचारून थकली."

आमच्या तहसील कार्यालयात मागच्या बाजूला निराधार शाखा आहे. विधवा, दिव्यांग, म्हातारेकोतारे, नवऱ्यानं टाकलेल्या बायका, अशांना सरकारकडून दरमहा थोडे पैसे मिळतात. त्यांचे अर्ज घेणं, ते कॉम्प्युटरवर चढवणं, म्हातारा माणूस अजून जिवंत आहे याची दरवर्षी खात्री करणं, आणि सगळ्यांचं बिल वर पाठवणं, हे शाखेचं काम. कागदावर हे काम एका नायब तहसीलदारांचं, म्हणजे आमच्या साहेबांचं, आणि एका बाबूचं आहे. प्रत्यक्षात ते आम्ही चौघी करतो. चौघीही कंत्राटी, एजन्सीमार्फत घेतलेल्या. मी त्यात सगळ्यांत मागून आले, मॅडम सगळ्यांत आधीपासून होत्या. शाखेत कॉम्प्युटर आला त्या वर्षापासून.

चौघी बायकाच का, हे एकदा मी एजन्सीच्या माणसाला विचारलं होतं. तो मलकापूरला एका झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. मूळ एजन्सी कुठली होती देव जाणे. तो म्हणाला, "बायका टिकतात. माणसं वर्षभरात दुसरीकडे जातात. आणि बायकांचं काय, घरी नवरा कमावतोच, हे वरखर्चाला होतं."

मी हे येऊन सांगितलं तेव्हा मॅडमनी हातातलं काम ठेवलं आणि शाखेत बोट फिरवून मोजणी केली. "हिचा नवरा मेला. हिचा सोडून गेला. ही बिनलग्नाची, बापाले लकवा. आनि माहा तं मी वीस वर्सं झाले पाह्यला नाही, जिवंत असन तं हयातीचा दाखला आनून दे म्हना. कोनाचा नवरा कमावून राह्यला व?" मग खिडकीबाहेरच्या रांगेकडे बघून म्हणाल्या, "या बायकात आनि आपल्यात फरक काय हाय? त्याहिचा अर्ज मंजूर झाला, आपला नाही."

ते खरंच होतं. अर्ज तपासताना माझ्या कित्येकदा मनात यायचं की मी जर या खिडकीच्या पलीकडे बसले असते तर पात्र ठरले असते. अडचण एकच, मला पगार होता.

मॅडम हे काही त्यांचं नाव नाही. ते त्यांनी भांडून मिळवलं होतं. सरकारी कचेरीत एक पद्धत आहे, ती कुणी लिहून ठेवलेली नाही पण सगळे पाळतात. कायम नोकरीतली बाई असेल तर ती मॅडम, कंत्राटी असेल तर ती ताई. आवक-जावकची बाई मॅडम, तिच्याशेजारी तिचंच काम करणारी ताई. एकदा एका बाबूंनी लाडात येऊन म्हटलं, "ताई, एवढी यादी घरी नेऊन करून आणा ना, रविवारी." मॅडमनी यादी त्यांच्या टेबलावर परत नेऊन ठेवली.

"मी तुमची ताई कधी झाली? ताई म्हटलं की पगार द्या लागत नाही, ओवाळनी टाकली का झालं. आजपासून मले मॅडम म्हना."

झालं. बाबूलोकांनी मग मुद्दामच, तोंड वाकडं करून, मॅडम मॅडम सुरू केलं. शिपायानं तर चहा ठेवताना सलाम ठोकायला सुरुवात केली. यांना वाटलं बाई लाजेल. बाई कसली लाजते! सलाम घेऊ लागली. महिनाभरानं चेष्टा विरली आणि मॅडम तेवढं राहिलं.

रांगेतल्या म्हाताऱ्यांशी त्या गोड वगैरे बोलायच्या, असं कुणाला वाटत असेल तर ते विसरावं. त्या खेकसायच्या. अंगठा मशीनवर उठत नाही हे आमच्याकडचं रोजचं दुखणं. जन्मभर कापूस वेचून बोटांवरच्या रेघाच उरलेल्या नसतात. मशीन लाल दिवा दाखवतं, आणि मशीनच्या लेखी ती बाई ती बाईच राहत नाही. बाकीच्या कचेऱ्या "पुढच्या महिन्यात या" म्हणून सोडून देतात. मॅडमनी टेबलाखाली एक वाटी ठेवली होती. शिपायाकडून गरम पाणी मागवायच्या, म्हातारीचा अंगठा त्यात बुडवायच्या, स्वतःच्या पदरानं खसाखसा पुसायच्या, मग तिच्याच डोक्याच्या तेलकट केसांवर घासायच्या आणि मशीनवर असा दाबायच्या की म्हातारी ओरडायची. "वरडू नको! वरडून भेटत नाही सरकारले तू. दाब!" तिसऱ्या-चौथ्या वेळी हिरवा दिवा लागायचा. मग लगेच, "चल, उठ, मांगं किती लोक हायेत." आभार मानायला कुणी थांबलं तर हाकलून द्यायच्या.

आमचं कंत्राट अकरा महिन्यांचं. ते संपलं की मध्ये दोन दिवसांचा खंड देतात आणि मग नव्यानं घेतात, म्हणजे कुणी कोर्टात जाऊन सलग नोकरी दाखवू नये. आम्ही तिघी ते दोन दिवस घरची कामं काढायचो. मॅडम मात्र हटकून यायच्या. ठेवणीतलं पातळ नेसून, केसांना फुलं लावून, आणि आत न येता बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर अर्जदार बायकांमध्ये बसायच्या. शेंगदाणे खायच्या. आतून कुणी हाक मारली तर म्हणायच्या, "मी दोन दिवस नाही हाये. सरकारनंच सांगतलं."

पण त्यांच्यावाचून अडायचंच. बिल वर पाठवताना मोबाईलवर ओटीपी येतो आणि तो टाकल्याशिवाय बिल हलत नाही. शाखेत ऑनलाइन काम सुरू झालं तेव्हाच्या साहेबांनी, मला कशाला सारखे मेसेज, असं म्हणून मॅडमचाच नंबर टाकायला लावला होता. साहेब बदलले, त्यानंतरचेही बदलले, नंबर तोच. म्हणजे तालुक्यातल्या साऱ्या निराधारांचे पैसे आठ हजारांच्या बाईच्या फोनवरून सुटायचे. त्या खंडाच्या दिवसांतही साहेब बाकापाशी यायचे, खाली वाकून ओटीपी विचारायचे, आणि मॅडम शेंगदाण्याचं टरफल फुंकत तो सांगायच्या. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

नवा बाबू परीक्षा देऊन साताऱ्याकडून आला. पोरगा चांगला होता, उगाच वाईट बोलणार नाही. त्याला कुठली योजना कुणासाठी हेही माहीत नव्हतं आणि ते त्यानं लपवलं नाही. मॅडमनी पहिल्या दिवशी प्रश्न विचारला आणि त्या येड्यानं खरं उत्तर दिलं. आमच्या चौघींच्या पगाराची बेरीज करून वर काही उरेल, एवढा तो आकडा होता.  मॅडम खुर्ची ओढून म्हणाल्या, "बस. शिकवते." त्याला दोन महिने शिकवलं. माझा संताप त्या पोरावर नाही. पण शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याच्या पगाराचा पाचवा हिस्सा द्यायचा, आणि वर त्याच्या सहीखाली तिनं काम करायचं, हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला एकदा आमच्या खिडकीत उभं करून त्याचा अंगठा गरम पाण्यात बुडवावासा वाटतो. फार गरम.

गेल्या जूनमध्ये एजन्सी बदलली. नव्या एजन्सीनं यादी पाठवली, त्यात तीन नावं होती. मॅडमचं नव्हतं. पंचेचाळीसच्या वरची माणसं घ्यायची नाहीत, असं त्यांचं धोरण. मॅडम बावन्न वर्षांच्या. साहेबांकडे गेल्या तर साहेब म्हणाले, "तुम्ही आमच्या कर्मचारी नाहीच, मी काय करणार? एजन्सीला विचारा." जुन्या एजन्सीचा माणूस झेरॉक्सच्या दुकानातून नाहीसा झालेला. नवी म्हणाली, तुम्ही आमच्याकडे कधी नव्हताच. एवढी वर्षं काम केलं असा साधा दाखला मागितला, तोही कुणी देईना. ज्या कचेरीतून तालुक्याला दाखले मिळतात तिथं हिच्यासाठी सही करायला एक हात नव्हता.

त्याच्या आदल्याच महिन्यात एक शिपाई निवृत्त झाले होते. त्यांना शाल, श्रीफळ, फोटो, जेवण. मॅडम गेल्या त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. आम्ही तिघींनी त्यांना एसटी स्टँडवर कचोरी खाऊ घातली आणि पिंपळगाव राजाच्या गाडीत बसवून दिलं. माहेर तिकडचं, भावाच्या घरामागे एक खोली होती. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून डोकं काढून कंडक्टरला पगार विचारला. मी तिथंच स्टँडवर रडले.

आणि पुढच्या महिन्यात बिल पाठवायची वेळ आली. साहेबांनी बटण दाबलं. ओटीपी गेला पिंपळगाव राजाला.

या लोकांना बाई काढायची आठवण राहिली, तिचा नंबर काढायची राहिली नाही! नंबर बदलायला जिल्ह्याला पत्र पाठवावं लागतं. पत्र पाठवायचं काम साहेबांचं. साहेब म्हणाले, "पाठवू. तोवर तू फोन लाव." तू म्हणजे मी.

मी फोन लावला. मॅडम कुणाच्या तरी शेतात निंदणाला गेल्या होत्या. मागे बायकांचा आवाज येत होता. त्यांनी ओटीपी सांगितला आणि विचारलं, "माहं काय झालं व? साहेब काही म्हनते का?" शेजारी उभे असलेले साहेब खुणेनं म्हणाले, सांग, एजन्सीला पत्र लिहितोय. मी सांगितलं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. फुकट. बाईला कामावरून काढलं, दिवसाच्या मजुरीवर पाठवलं, आणि काम तिच्याकडूनच घेत राहिले. तिची आशा जागी ठेवायला महिन्याला एक खोटं पुरत होतं, आणि ते खोटं माझ्या तोंडून जायचं याचा मला अजून राग येतो.

शेवटी नव्या बाबूनंच मॅडमना फोन करून खरं सांगितलं. त्यानं सगळ्या फायली बघितल्या होत्या. एजन्सीला पत्र नाही, जिल्ह्याला पत्र नाही, कुणालाच काही लिहिलेलं नाही.

दिवाळीच्या आधीचं बिल आलं. साहेबांना घाई होती, दिवाळीआधी पैसे खात्यात पडले नाहीत तर वरून फोन येतात. मी मॅडमना फोन लावला.

"फोनवर नाही सांगत," त्या म्हणाल्या. "मी येते."

आल्या. आत आल्या नाहीत. खिडकीच्या बाहेर, रांगेच्या बाजूला उभ्या राहिल्या. त्या दिवशी रांग मोठी होती, दिवाळीचे पैसे आले का विचारायला गावोगावच्या बायका आलेल्या. साहेब खुर्ची सोडून खिडकीत आले. बाबू कॉम्प्युटरवर बसला. त्यानं बटण दाबलं, मॅडमच्या हातातला फोन वाजला.

"सांगा," साहेब म्हणाले.

"कोन म्हनून सांगू?"

"म्हणजे?"

"तुमची कर्मचारी म्हनून? तं कामावर घ्या. मले दुसरं काही नाही पाह्यजे, माही जागा पाह्यजे. कर्मचारी नसन मी, तं रस्त्यानं जानाऱ्या बाईले सरकारचा ओटीपी कसा काय मांगता?"

"ते माझ्या हातात नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मंग हे माह्या हातात हाय."

ओटीपीची वेळ संपली. बाबूनं पुन्हा पाठवला. फोन पुन्हा वाजला. साहेबांचा आवाज मऊ झाला. "अहो, माणुसकी म्हणून सांगा."

"मानुसकीले किती भेटते महिन्याले?"

आम्ही तिघी आत काम सोडून उभ्या होतो. मला वाटलं, आता साहेब वाकतील. एक ओळ लिहून द्या, फोन करा एजन्सीला, काहीतरी करा. पण साहेब लोकांची अक्कल अशा वेळी बरोबर चालते. ते मॅडमशी बोलायचे थांबले आणि रांगेकडे वळले. मोठ्यानं म्हणाले, "आजी, बिल तयार आहे. या बाई नंबर सांगत नाहीत म्हणून तुमचे पैसे अडलेत. आता काय ते तुम्हीच बघा."

इतकं नीच काही मी त्या कचेरीत बघितलं नव्हतं, आणि मी तिथं बरंच बघितलं आहे.

रांग उठली. त्यात एक म्हातारी होती, मॅडम दरवर्षी जिचा अंगठा केसांवर घासून उठवायच्या तीच. ती काठी आपटत पुढे आली. "काऊन व बाई? आमचे पैशे तुह्या बापाचे हायेत का? तुह्या घरी दिवाळी हाय न आमची बुडवतं?" मागून बाकीच्या बोलायला लागल्या. एकीनं मॅडमचा दंड धरून हलवला. जिला एक शब्द ऐकून घ्यायची सवय नव्हती, ती बाई गप्प उभी होती. त्यांना सांगता आलं असतं की मी निंदणाला जाते, माझ्याही घरी दिवाळी नाही, मला यांनी काढलं.  मी खिडकीतून ओरडले, "आजी, तिचं ऐका आधी!" साहेबांनी मला जागेवर बसायला सांगितलं. मी बसले नाही.

फोन तिसऱ्यांदा वाजला. मॅडमनी त्या काठीवाल्या म्हातारीला खांद्याला धरून खिडकीसमोर उभं केलं.

"घे. तूच सांग त्याले. त्याले मी सांगत नाही. मी म्हनीन तसं म्हन. चार."

"चार," म्हातारी म्हणाली.

"सात."

"सात."

असे सगळे आकडे. म्हातारी प्रत्येक आकडा ताठ उभं राहून, मोठ्यानं, साहेबांच्या तोंडाकडे बघून म्हणत होती. बाबू मान खाली घालून टाइप करत होता. बिल गेलं.

"येवढंच होतं?" म्हातारीनं विचारलं. "येवढ्यासाठी तमाशा केला व?"

मॅडमनी फोन पिशवीत टाकला आणि गेटकडे चालू लागल्या. मी मागे धावले, पण त्यांनी न वळता हातानं जा म्हणून खूण केली.

आता पुढचं ऐका. चार महिने जे पत्र निघत नव्हतं ते दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः, स्वतःच्या गाडीनं, घाट चढून बुलढाण्याला घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत नंबर बदलला. बाबूनं स्वतःचा नंबर द्यायची तयारी दाखवली होती. साहेब म्हणाले, "तुझी बदली होईल उद्या. ही कुठं जाते? हिचा टाक." ही म्हणजे मी. मला विचारलंही नाही.

मी मॅडमना फोन करून सांगितलं. मला वाटलं, तोडून बोलतील.  पण म्हणाल्या, "माहं चुकलं कुठं सांगू? मी आधी देत गेली न मंग मांगत गेली. तू आधी मांग. आनि एकटी मांगू नको."

मार्चअखेरचं बिल आता तोंडावर आलं आहे. मॅडमच्या जागी आलेली मुलगी बावीस वर्षांची आहे, तिला मी सगळं सांगितलं. आम्ही चौघींनी बसून मागण्या लिहिल्या. पगाराची पावती, कापलेल्या पैशांचा हिशेब, खंड बंद. पण पहिली मागणी एकच, त्यावर चौघींचं एकदम एकमत झालं. पहिल्यांदा मॅडमना आत घ्या, मग आम्ही फोन बघू. बाबूला कळलं आहे. बिलाच्या दिवशी तो एक वाजताच जेवायला जाणार आहे, आणि लवकर परतायचा नाही.

आज सकाळी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"परवा बिल पाठवायचं आहे. मोबाईल चार्ज आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."